ह्युमिक द्रव्ये आणि डोंगरउतारावरची माती

पालापाचोळा, मुळे, शेण, मेलेले किडे आणि सूक्ष्मजीव मातीत कुजतात, तेव्हा त्यांतला बराचसा कर्ब कर्बवायू होऊन हवेत निघून जातो. जो थोडा भाग मागे राहतो, तो गडद तपकिरी ते काळा असतो, मूळ वस्तूची ओळख त्यात उरलेली नसते आणि तो पुढे फार सावकाश कुजतो. या भागाला ह्यूमस म्हणतात. ह्यूमसमधून रासायनिक प्रक्रियेने वेगळ्या काढल्या जाणाऱ्या पदार्थांना मिळून ह्युमिक द्रव्ये असे नाव आहे. मातीची बांधणी, तिची पाणी व अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद आणि मुळांची वाढ यांच्याशी या द्रव्यांचा थेट संबंध आहे. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात पोशेरा आणि आसपासच्या गावांत शेती डोंगरउतारावरची आहे आणि पाऊस धो धो पडतो. ह्यूमस तयार कसा होतो याहून तो टिकतो कसा, हा प्रश्न तिथे मोठा आहे.

तीन गट आणि एक वाद

ह्युमिक द्रव्यांचे तीन गट विद्राव्यतेवरून पाडले जातात. माती सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या अल्कलीत ढवळली की काळपट द्रावण मिळते. त्यात आम्ल घालून सामू 2 च्या खाली आणला, की काळा साका तळाशी बसतो. हे ह्युमिक आम्ल. वर जे पिवळसर पाणी उरते, त्यात विरघळलेले फुल्विक आम्ल असते. ते आम्लातही विरघळते आणि अल्कलीतही. कशातच न विरघळता मातीला चिकटून राहणारा भाग म्हणजे ह्युमिन. फुल्विक आम्लाचे रेणू तुलनेने लहान आणि चपळ, ह्युमिक आम्लाचे मोठे, तर ह्युमिन सर्वांत स्थिर, असा ढोबळ फरक आहे.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आखार्ड यांनी 1786 मध्ये दलदलीतल्या पीट मातीतून असा काळा अर्क पहिल्यांदा काढला. फुल्विक आम्ल हे नाव स्वीडनच्या ओडेन यांनी 1919 मध्ये दिले. मधल्या काळात, वनस्पती थेट ह्यूमस खाऊनच वाढतात असा समज युरोपात रूढ होता. 1840 मध्ये लीबिग यांनी वनस्पतींचे पोषण खनिज क्षारांवर होते असे मांडले आणि तो समज मागे पडला. त्यानंतर रासायनिक खतांचे युग आले आणि ह्यूमसकडे दुर्लक्ष होऊ लागले. भारतात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा शास्त्रशुद्ध कुजवण्याची इंदूर पद्धत बसवली आणि 1931 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. टाकाऊ शेतमालाचे ह्यूमसमध्ये रूपांतर हाच त्या पुस्तकाचा विषय होता.

ह्युमिक द्रव्ये म्हणजे नेमके काय, यावर अलीकडे वाद आहे. लहान रेणू जुळून मातीत प्रचंड मोठे, गुंतागुंतीचे रेणू तयार होतात, असे पूर्वी मानले जाई. 2015 मध्ये योहानेस लेमान आणि मार्कुस क्लेबर यांनी ‘नेचर’ या नियतकालिकातून या समजाला आव्हान दिले. मातीत कुजण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे अवशेष एकत्र असतात. त्यांतले काही चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटल्यामुळे किंवा ढेकळांच्या आत दडल्यामुळे जंतूंच्या तावडीतून वाचतात. तीव्र अल्कलीत मिळणारा अर्क मातीत जसाच्या तसा असतोच असे नाही, असा त्यांचा मुद्दा. काही शास्त्रज्ञांना तो पूर्ण मान्य नाही. शेतीच्या दृष्टीने यातून निघणारी एक गोष्ट मात्र कामाची आहे. ह्यूमस टिकतो तो केवळ त्याच्या रासायनिक कणखरपणामुळे नव्हे. मातीचा कण जागेवर राहिला, ढेकूळ शाबूत राहिले, तरच त्याच्या आत दडलेला ह्यूमसही राहतो.

मातीत होणारी कामे

ह्युमिक द्रव्यांच्या रेणूंवर कार्बॉक्सिल आणि फेनॉलिक गट असतात. मातीतल्या पाण्यात या गटांतून हायड्रोजन सुटतो आणि रेणूवर ऋणभार येतो. चुना, मॅग्नेशियम, पालाश आणि अमोनियम यांचे धनभारित आयन या ऋणभाराला धरून राहतात आणि मुळांना लागतील तसे सुटतात. या गुणाला धनायन विनिमय क्षमता म्हणतात. वजनाला वजन धरले, तर ह्यूमसची ही क्षमता काळ्या जमिनीतल्या चिकणमातीपेक्षाही जास्त असते, आणि पावसाने धुपलेल्या तांबूस जमिनीतल्या केओलिनाइट मातीच्या तर दसपटींनी. जिथे वर्षाचा सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तिथे पाण्याबरोबर वाहून जाणारी अन्नद्रव्ये अडवणारी दुसरी फारशी यंत्रणा मातीत नसते.

दुसरे काम लोह, जस्त, तांबे आणि मंगल यांच्याबाबतचे. ह्युमिक रेणू या धातूंना खेकड्याच्या नांगीसारखे दोन्ही बाजूंनी पकडतात, त्यामुळे ते साक्याच्या रूपात अडकून न पडता मुळांपर्यंत पोहोचतात. आम्लधर्मी जमिनीत मुळांना इजा करणारे मोकळे ॲल्युमिनियमही याच पकडीत बांधले जाते. तिसरे काम स्फुरदाचे. तांबूस जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड स्फुरद गिळून बसतात. घातलेल्या खतातला थोडाच भाग पिकाला मिळतो. ह्युमिक द्रव्ये त्याच ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर आधी जाऊन बसतात आणि स्फुरदाला बसायची जागा कमी करतात.

चौथे काम मातीच्या बांधणीचे, आणि उतारावर तेच सर्वांत मोलाचे. ह्युमिक द्रव्ये, बुरशीचे धागे आणि जंतूंनी स्रवलेला चिकट पदार्थ मिळून मातीच्या कणांची रवाळ ढेकळे बांधतात. याची परीक्षा घरी करता येते. करवंदीच्या जाळीखालची किंवा आंब्याच्या बुंध्याजवळची एक आणि वर्षानुवर्षे नांगरलेल्या माळावरची एक, अशी सुपारीएवढी दोन वाळलेली ढेकळे घ्यावीत आणि पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत अलगद सोडावीत. माळावरचे ढेकूळ बुडबुडे सोडत काही मिनिटांत विरघळून तळाला चिखल होते. झाडाखालचे ढेकूळ बराच वेळ आपला आकार धरून राहते आणि पेल्यातले पाणीही नितळ राहते. जूनच्या पहिल्या सरीत शेतात हेच घडते. विरघळलेली माती मातीची छिद्रे बुजवते, वर पातळ पापुद्रा धरतो, पाणी मुरायचे थांबते आणि उतारावरून गढूळ होऊन धावू लागते.

ह्यूमसमुळे मातीत पाणी खूप साठते असे सरसकट सांगितले जाते. ते जरा जपून घ्यायला हवे. जगभरातल्या मोजमापांचा एकत्र आढावा मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी यांनी 2018 मध्ये घेतला. सेंद्रिय कर्ब 1 टक्क्याने वाढला, तर 100 मिलिमीटर जाडीच्या मातीत पिकाला मिळू शकणारे पाणी सरासरी सव्वा मिलिमीटरच्या आसपासच वाढते, असे त्यात दिसले. वाढ रेताड जमिनीत जास्त आणि चिकण जमिनीत कमी असते. खरा फायदा साठवणीपेक्षा मुरण्याचा आहे. बांधणी शाबूत असलेल्या जमिनीत पाऊस आत शिरतो, खालच्या मुरमात उतरतो आणि झऱ्यांना मिळतो. मोखाड्यात पावसाळ्यात पाण्याचा पूर असतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. तिथे या फरकाचे मोल शेतीपुरते राहत नाही.

मुळांवर होणारा परिणाम

ह्युमिक द्रव्ये झाडाला थेट अन्न पुरवत नाहीत, पण मुळांच्या वागण्यात बदल घडवतात. ब्राझीलमधल्या कानेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये गांडूळखतातून काढलेले ह्युमिक आम्ल मक्याच्या रोपांना दिले. रोपांना आडवी मुळे जास्त फुटली आणि मुळांच्या पेशींच्या आवरणातला प्रोटॉन पंप अधिक जोमाने चालू लागला. हा पंप पेशीबाहेर हायड्रोजन आयन सोडतो. त्यामुळे पेशीची भिंत सैल होऊन मूळ लांबते आणि अन्नद्रव्ये आत ओढायला विद्युतबळ मिळते. परिणामाची तऱ्हा ऑक्झिन या वाढसंप्रेरकासारखी आहे.

याच कारणाने मात्रेला महत्त्व आहे. अगदी थोड्या मात्रेत वाढ होते. मात्रा वाढवत गेले की फायदा थांबतो आणि पुढे मुळांची वाढ खुंटते. जास्त घातले म्हणजे जास्त लाभ, हे गणित इथे चालत नाही. जगभरातल्या प्रयोगांचा आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ह्युमिक द्रव्ये दिलेल्या झाडांच्या खोड-पानांचे कोरडे वजन सरासरी 22 टक्क्यांनी, तर मुळांचे 21 टक्क्यांनी जास्त आढळले. मात्र यांतले बरेच प्रयोग कुंड्यांमधले होते. द्रव्य कशापासून काढले, किती दिले आणि झाडाला ताण कितपत होता, यावर फरक पडत होता. शेतात एवढाच लाभ हमखास मिळेल असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

पोशेऱ्याची जमीन

जव्हार-मोखाड्याचा पठारी मुलूख सह्याद्रीच्या पश्चिम उताराला लागून आहे. खडक दख्खनचा बेसॉल्ट, पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमधला. महाराष्ट्राच्या नऊ कृषी-हवामान विभागांत उत्तर कोकणाचा समावेश अतिपावसाच्या, पण जांभा नसलेल्या जमिनींच्या विभागात होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला जांभा इथे मुख्य नाही. सखल भागात, नाल्याकाठी भाताची खाचरे आहेत. तिथे बांधांमुळे माती आणि गाळ अडतो, म्हणून जमीन खोल आणि काळसर असते. वरच्या उतारावर वरकस जमीन आहे. ती तांबूस-तपकिरी, वीतभर खोल, दगडगोट्यांनी भरलेली असते, आणि खाली लगेच मुरूम लागतो. नागली, वरई, खुरासणी, उडीद आणि तूर ही पिके याच वरकसावर येतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी कुटुंबांचे वर्षभराचे धान्य त्यांवर अवलंबून असते.

वरकसावर ह्यूमस कमी होण्याची तीन कारणे आहेत. पहिले धूप. ह्यूमस मातीच्या सर्वांत वरच्या थरात असतो आणि वाहून जातोही तोच थर. एका जोरदार पावसात गेलेली बोटभर माती परत तयार व्हायला माणसाची हयात पुरत नाही. दुसरे कारण उष्णता आणि ओल. थंड प्रदेशात पाने वर्षानुवर्षे पडून राहतात. इथे पावसाळ्यातल्या उबदार ओलीत जंतू एवढ्या जोमाने काम करतात की जूनमध्ये मातीत गाडलेला पाला दिवाळीपर्यंत जवळपास दिसेनासा होतो. तिसरे कारण पिकाच्या अवशेषांची वाट. नागलीची काडे आणि भाताचा पेंढा गुरांच्या वैरणीत जातो. पीक निघाल्यावर गुरे मोकळी सुटतात आणि त्यांचे शेण रानभर विखुरते. गोठ्यात पडते त्यातलेही बरेचसे राबात, म्हणजे रोपवाटिकेचा तुकडा भाजण्यात, जाते.

राबभाजणी

भात आणि नागलीची रोपे ज्या तुकड्यात वाढवायची, तो तुकडा उन्हाळ्यात भाजण्याची पद्धत म्हणजे राब. जमिनीवर आधी शेण किंवा गोवऱ्यांचा चुरा पसरतात, त्यावर ऐनासारख्या झाडांचे तोडलेले टहाळ, मग पालापाचोळा आणि गवत, आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवले की ढीग भडकत नाही, आतल्या आत धुमसत जळतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्या राखेत बी फेकतात. आवण तयार झाले की उपटून खाचरात किंवा माळावर आवणी करतात. एक हेक्टर भाताच्या लावणीसाठी साधारण 10 गुंठे रोपवाटिका लागते. म्हणजे आसपासच्या कितीतरी मोठ्या क्षेत्रावरचा पाला आणि शेण दरवर्षी एका लहान तुकड्यावर आणून जाळले जाते.

ही पद्धत अडाणीपणातून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात वनखात्याने जंगल राखीव करायला सुरुवात केली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी टहाळ तोडण्याच्या हक्कावरून मोठा असंतोष उसळला. त्याच्या चौकशीसाठी 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरोल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर यांच्यासह राबाचा रासायनिक अभ्यास करून 1912 मध्ये तो प्रसिद्ध केला. राखेतून पालाश आणि थोडा स्फुरद मिळतो, सामू सुधारतो, तणाचे बी मरते, आणि धगीने मातीतही बदल घडून रोपांना सहज मिळणारी अन्नद्रव्ये मोकळी होतात. रोपे लवकर, सारखी आणि तणाविना उगवतात. जूनमध्ये निंदायला माणूस मिळत नाही. अशा वेळी हा मोठाच फायदा ठरतो.

राबाची किंमत वेगळ्या खात्यात पडते. ज्वलनात कर्ब आणि नत्र दोन्ही हवेत जातात. जे शेण आणि पाला कुजून वरकसाचा ह्यूमस झाला असता, त्याची फक्त राख उरते. थोडा कोळसा मातीत शिल्लक राहतो आणि तो फार काळ टिकतो. पण त्याचे प्रमाण थोडे असते, आणि तो राहतो तोही रोपवाटिकेच्या तुकड्यात. बाकीच्या नऊ हिश्श्यांना काहीच मिळत नाही. म्हणून दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ राब न भाजता गादीवाफ्यावर, कुजलेले शेणखत घालून रोपे करण्याची शिफारस करते. या पद्धतीची खरी अडचण तणाची आहे. तणनाशक न वापरता ती सोडवायची, तर वळवाचा पाऊस पडल्यावर उगवलेले पहिले तण हलक्या कुळवाने मारून मग बी टाकावे. वळीव चुकला तर हा उपाय साधत नाही. अशा वर्षी निदान काटेरी झुडपे आणि तणकट यांचाच राब करावा. शेण आणि मऊ पाला मात्र खताच्या ढिगाकडे वळवावा. ही मधली वाट बहुतेक घरांना परवडू शकते.

बाटलीतले ह्युमिक

कृषी सेवा केंद्रात मिळणारे ह्युमिक बहुधा कोळशापासून बनते. लिग्नाइट हा कच्चा, तपकिरी कोळसा. हवेने आपोआप ऑक्सिडीकरण झालेल्या लिग्नाइटला लिओनार्डाइट म्हणतात. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्याच्या भूगर्भ सर्वेक्षणाचे संचालक लिओनार्ड यांच्यावरून हे नाव पडले. भारतात तमिळनाडूतले नेयवेली, तसेच गुजरात आणि राजस्थान इथे लिग्नाइटच्या खाणी आहेत. कोळशाची भुकटी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून गाळली की पोटॅशियम ह्युमेट मिळते. ते काळ्या चमकदार चुऱ्याच्या किंवा दाट द्रवाच्या रूपात विकले जाते. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून जैव-उत्तेजकांना कायद्याच्या कक्षेत आणले. ह्युमिक आणि फुल्विक आम्ले त्यांतला एक वर्ग आहे. त्यामुळे खरेदी करताना वेष्टनावर घटकांची टक्केवारी, उत्पादनाची तारीख आणि शासकीय मान्यतेचा उल्लेख पाहावा आणि पक्की पावती घ्यावी.

या उत्पादनाकडून काय अपेक्षा ठेवावी, हे साध्या हिशोबाने कळते. एक हेक्टर जमिनीतल्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे 20 लाख किलो भरते. तिच्यात सेंद्रिय कर्ब 1 टक्का धरला, तर तो 20 हजार किलो होतो. हेक्टरी 10 किलो पोटॅशियम ह्युमेट टाकले, तर त्यातून जेमतेम 4 ते 5 किलो कर्ब जमिनीत जातो. आधीच्या साठ्याचा तो चार-पाच हजारावा हिस्सा. एवढ्याने मातीची बांधणी सुधारत नाही, धूप थांबत नाही, पाणी मुरत नाही. याउलट 5 टन ओलसर शेणखतात साधारण 800 किलो कर्ब असतो. पहिल्या वर्षात त्यातला बराचसा जंतू खाऊन टाकतात, तरीही 200 किलोच्या आसपास मागे राहतो. बाटलीतले ह्युमिक हे ताटातल्या मिठासारखे आहे. चव त्याने येते, पोट भाकरीनेच भरते.

मीठ म्हणून त्याची जागा मात्र आहे. जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड भागात मोगऱ्याची लागवड वाढली आहे, आणि आंबा-काजूच्या वाड्या उभ्या राहिल्या आहेत. मोगऱ्याच्या छाटकलमांना मुळे फुटताना, वाडीतल्या नव्या कलमांना पहिल्या पावसात आळवणी करताना, किंवा भाजीपाल्याची रोपे उपटून लावताना थोड्या मात्रेत दिलेले ह्युमेट मुळांना जोर देऊ शकते. वेष्टनावरची मात्रा ओलांडू नये. ह्युमेट अल्कधर्मी असते. आम्लधर्मी खत किंवा कॅल्शियम नायट्रेट त्याच टाकीत मिसळले तर ते फाटते, तळाशी गोळा होते आणि फवारणीचे तोंड बुजते. जमिनीत दिले तर ओल असताना द्यावे. फायदा होतो की नाही, हे पाहण्यासाठी एक-दोन ओळी न देता सोडाव्यात आणि शेजारच्या ओळींशी ताडून पाहाव्यात. तेवढ्यावरून पुढच्या वर्षी पैसे घालायचे की नाही ते ठरवता येते.

गावातच ह्यूमस करणे आणि टिकवणे

अतिपावसाच्या भागात उघडा उकिरडा हे ह्यूमस गमावण्याचे मोठे ठिकाण आहे. जुलै महिन्यात उकिरड्याच्या पायथ्याशी चहाच्या रंगाचा ओघळ वाहताना दिसतो. त्यात फुल्विक द्रव्ये, नत्र आणि पालाश विरघळलेले असतात आणि ते सगळे ओहोळात जाते. खड्ड्यातला उकिरडा तर पाण्याने भरतो. हवा न मिळाल्याने त्यात कुजण्याऐवजी सडणे होते आणि दुर्गंधी सुटते. म्हणून इथे खत जमिनीच्या वर, थोड्या उंचवट्यावर करावे. सभोवती चर काढावी, आणि वर पेंढ्याचे किंवा सागाच्या पानांचे छप्पर घालावे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायणराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप टाकी याच तत्त्वावर चालते. साधारण 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच अशी ही विटांची टाकी. हवा खेळावी म्हणून भिंतींत भोके ठेवलेली असतात. काडीकचरा, शेणाचे पाणी आणि माती यांचे थर आलटून पालटून भरतात आणि वरून शेण-मातीने लिंपतात. साधारण 90 ते 120 दिवसांत खत होते. या पद्धतीत शेण थोडे लागते. ज्या घरी दोनच गुरे आहेत, त्यालाही ती जमते. विटांऐवजी बांबूच्या कामट्यांचा कूड केला तरी काम भागते.

ढिगात काय मिसळायचे ते कर्ब-नत्र गुणोत्तरावर ठरते. भाताच्या पेंढ्यात हे गुणोत्तर 60 किंवा त्याहून जास्त असते. नुसता पेंढा मातीत गाडला, तर जंतू मातीतला नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. गिरिपुष्पाच्या कोवळ्या पाल्यात ते 15 च्या आसपास, तर शेणात 20 ते 25 असते. कोरडा कचरा आणि हिरवा पाला मिळून गुणोत्तर 30 च्या जवळ आणले की ढीग चांगला तापतो आणि लवकर कुजतो. तयार खताचे गुणोत्तर 20 च्या खाली येते. त्याला पावसाने भिजलेल्या रानमातीचा वास येतो, रंग काळपट होतो, मुठीत दाबले तर ओलावा जाणवतो पण पाणी ठिबकत नाही, आणि पान-काडीचा मूळ आकार त्यात शोधूनही सापडत नाही.

वेळेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. भात-नागलीची कापणी झाली की दिवाळीनंतर इथली अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस परततात. तेव्हा ढिगाला घालायला पाणीच नसते. म्हणून ढीग रचण्याचा खरा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबर. तेव्हा बांधावर हिरवे तण उदंड असते, ओल फुकट मिळते, आणि लिंपून ठेवलेला ढीग माणूस गावात नसतानाही मे महिन्यापर्यंत तयार होतो. राबभाजणीच्या वेळी हाताशी कुजलेले खत असेल, तर जाळायच्या शेणाची गरजही तेवढी कमी होते.

तयार केलेला ह्यूमस जागेवर राहील अशी जमीन नसेल, तर सगळी मेहनत पहिल्या पावसात नदीला मिळते. म्हणून आधी माती अडवावी आणि मग खत घालावे. उताराला आडवे दगडी बांध, बांधावर गिरिपुष्पाची कुंपणे, समपातळी रेषेवर नागलीच्या ओळी आणि मधून उडीद-तुरीचे आंतरपीक, यांनी पाण्याचा वेग मोडतो. गिरिपुष्पाची कुंपणे पावसाळ्यात छाटून तोच पाला खाचरात किंवा ओळींत टाकता येतो, म्हणजे वाहतूकही वाचते. वाडीतल्या झाडांच्या आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घातले की पावसाचा थेंब थेट मातीवर आपटत नाही, आणि उन्हाळ्यात ओलही टिकते.

भाताच्या बाबतीत रायगड जिल्ह्यातल्या नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेले सगुणा राईस तंत्र लक्षात घेण्यासारखे आहे. यात चिखलणी आणि आवणी दोन्ही टाळून कायमच्या गादीवाफ्यांवर बी टोकले जाते. कापणीनंतर नांगरट न करता मुळे आणि बुडखे जमिनीतच राहू देतात. मुळे आतच कुजल्याने त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात आणि त्यांतून हवा-पाणी खेळते, शिवाय कर्ब वरच्या थरात न जळता खोलवर साठतो. तणनियंत्रणासाठी या तंत्रात तणनाशकावर भिस्त आहे, ही त्याची मर्यादा आहे. राबही लागत नाही, हा त्याचा जव्हार-मोखाड्यासारख्या भागातला विशेष फायदा.

मोजमाप आणि त्यातली मेख

ह्युमिक द्रव्ये वेगळी मोजण्याची सोय सर्वसाधारण माती परीक्षण प्रयोगशाळेत नसते. तिथे वॉकली-ब्लॅक पद्धतीने सेंद्रिय कर्ब मोजतात आणि त्याला 1.724 ने गुणून एकूण सेंद्रिय पदार्थ काढतात. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू झाली. तिच्या पत्रिकेवरही हाच आकडा असतो. देशभर वापरल्या जाणाऱ्या ढोबळ वर्गवारीत 0.5 टक्क्याच्या खाली कमी, 0.75 टक्क्याच्या वर भरपूर मानतात.

अतिपावसाच्या, जंगलालगतच्या जमिनीत हा आकडा पुष्कळदा भरपूर येतो आणि शेतकरी निर्धास्त होतो. पण प्रयोगशाळेत येणारी माती 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळलेली असते. त्यातले दगडगोटे आधीच बाजूला पडलेले असतात. वरकसात निम्मा मुरूम असेल आणि खोली वीतभरच असेल, तर 1.2 टक्के कर्ब असूनही हेक्टरी एकूण साठा खाचरातल्या 0.8 टक्के कर्बाच्या खोल मातीपेक्षा कमी भरतो. म्हणून पत्रिकेवरच्या टक्केवारीबरोबर मातीची खोली आणि तिच्यातल्या खड्यांचे प्रमाणही नोंदवावे. नमुना दरवेळी त्याच तुकड्यातून, त्याच महिन्यात आणि तेवढ्याच खोलीवरून घ्यावा. कर्बातला बदल सावकाश होतो. एका वर्षाच्या फरकावरून निष्कर्ष काढता येत नाही, तीन ते पाच वर्षांचे आकडे ताडून पाहावे लागतात. त्या दरम्यान ढेकळाची पेल्यातली परीक्षा दरवर्षी करता येते. मातीची बांधणी सुधारू लागली की कर्बाचा आकडा हलण्याआधीच ते पेल्यात दिसू लागते.